काटा हलला नाही, तरीही

डायलिसिसला आलेला पेशंट आधी वजनकाट्यावर उभा राहतो. लघवी जवळपास बंद झालेली असते, त्यामुळे प्यायलेलं पाणी अंगातच साठतं, आणि एक लिटर पाणी म्हणजे एक किलो वजन. ज्या वजनाला सूज नाही, दम नाही, बीपी आटोक्यात, ते त्याचं ड्राय वेट. त्याच्या वर भरेल तेवढं पाणी मशीनने चार तासांत काढायचं.

काकांचं ड्राय वेट ५८. त्या सकाळी काट्याने ६०.४ दाखवलं, नेहमीइतकंच. पण काकांना एक वाक्य पुरं करायला दोनदा श्वास घ्यावा लागत होता. बीपी १८०/१००. "रात्रभर उशांना टेकून बसलेत," काकू म्हणाल्या. "आडवं झालं की गुदमरतंय."

नडगीवर अंगठा दाबला, तर पडलेला खळगा भरून येईना. दंडाची कातडी मात्र सैल लोंबत होती, आणि पट्ट्याला खिळ्याने पाडलेलं नवं भोक होतं, बरंच आत.

"काका, जेवण कसं आहे?"

"दाढा काढल्यापासून भाकरी चावत नाही बघा. पेज आणि आमटीवर आहे. पण वजन काय उतरलं नाही!" केवढ्या समाधानाने म्हणाले ते.

तिथेच सगळा उलगडा झाला. अंगावरचं मांस झडलं, पातळ खाण्यातलं पाणी त्या जागी भरलं, आणि आकडा तसाच राहिला.

डॉक्टर सरांनी छाती तपासून ड्राय वेट ५६ वर आणायला सांगितलं, पण बेताबेताने. एकदम पाणी ओढलं तर बीपी कोसळतं, पोटऱ्यांत गोळे येतात. वजनाच्या किलोमागे तासाला १३ मिली पाणी काढायची मर्यादा आम्ही पाळतो, म्हणून त्या दिवशी ३ लिटरवर थांबलो. अर्ध्यावरच काका आडवे झाले आणि झोपलेही.

जाताना काटा ५७.४ वर आला आणि त्यांचा चेहरा उतरला. "घटलो की हो!" त्यांना बसवून समजावलं, की गेलं ते पाणी होतं, मांस भरायचं तर अंड्याचा पांढरा भाग, मऊ शिजवलेलं चिकन पोटात जायला हवं. "खिमा करून घालते," काकू लगेच म्हणाल्या.

पुढच्या खेपांना सूज ओसरली, वजन ५६ वर आलं. मग कवळी बसली, भाकरी सुरू झाली. काही आठवड्यांनी पाणी काढताना शेवटच्या तासात गोळे येऊ लागले, बीपी पडू लागलं, आणि नडगीवर खळगा नाही. म्हणजे ५६ वर आणताना गरजेचं पाणीही निघत होतं; आता अंगात खरंच मांस भरत होतं. सरांनी ड्राय वेट वाढवून ५७ केलं.