जुन्या थारचे पाच टायर: फेब्रुवारी ते ऑगस्ट २०२४

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात यावल तालुक्यातील एका शेतरस्त्यावर आमच्या २०१२ सालच्या थारचा मागचा डावा टायर कडेने फाटला आणि टायर बदलण्याचा दोन वर्षे पुढे ढकललेला निर्णय अखेर घ्यावा लागला. पऱ्हाटी, म्हणजे कापसाची वाळलेली झाडे, विळ्याने कापून नेलेली होती आणि बांधालगत वीतभर उंचीचे तिरपे खुंट उभे होते. समोरून येणाऱ्या ट्रॅक्टरला वाट देण्यासाठी गाडी कडेला घेतली, तेव्हा त्यांतला एक खुंट साइडवॉलमध्ये, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीत, घुसला. वाळलेली पऱ्हाटी किती कठीण असते हे खानदेशातील वाचकांना सांगायला नको. जळगावला ज्या आप्पांकडे आम्ही वर्षानुवर्षे टायरचे काम करून घेतो, त्यांनी चिरेत बोट घालून तुटलेले दोरे दाखवले आणि म्हणाले, "हाई आते काही कामनं नही, भाऊ." नक्षीच्या, म्हणजे रस्त्याला टेकणाऱ्या खाचांच्या, भागातील छिद्र आतून पॅच लावून बुजवता येते, साइडवॉल मात्र चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला वाकते आणि सरळ होते, त्यामुळे तिथला पॅच टिकत नाही.

उरलेले टायर त्याच दिवशी नीट तपासले. साइडवॉलवरील तारखेचा आकडा १४१७ होता, म्हणजे २०१७ सालचा चौदावा आठवडा. नक्षी अजून चार मिलिमीटर शिल्लक होती आणि कायद्याची किमान मर्यादा १.६ मिलिमीटर आहे, त्यामुळे खोली मोजणाऱ्या गेजवर विश्वास ठेवला असता तर हे टायर आणखी दोन उन्हाळे चालवले असते. परंतु खाचांच्या तळाशी केसासारख्या बारीक भेगा पडल्या होत्या आणि रबर नखाने दाबले तरी दबत नव्हते. उन्हात उभ्या राहणाऱ्या गाडीच्या टायरचे वय नक्षीच्या खोलीवरून ठरवू नये, असे माझे आता ठाम मत झाले आहे.

एकच टायर बदलण्याचा विचार केला नाही. नव्या आणि चार मिलिमीटरपर्यंत झिजलेल्या टायरच्या व्यासात बारा-तेरा मिलिमीटरचा फरक पडतो. आमच्या थारमध्ये फोर बाय फोर लावल्यावर पुढचा आणि मागचा शाफ्ट एकाच गतीने फिरतात, मध्ये त्यांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारे डिफरन्शियल नसते. त्यामुळे हा फरक मातीवर चाक घसरून निघून जातो, पण कोरड्या कठीण जमिनीवर त्याचा सारा ताण ट्रान्सफर केसवर, म्हणजे इंजिनाचा जोर पुढे-मागे वाटणाऱ्या पेटीवर, येतो. हाच न्याय स्टेपनीलाही लागू होतो, म्हणून टायर पाच घ्यायचे हे पहिल्याच दिवशी ठरले.

मार्च महिना मापाच्या विचारात गेला. कंपनीचे मूळ माप २३५/७० आर १६ आहे, म्हणजे रुंदी २३५ मिलिमीटर, बाजूची उंची तिच्या ७० टक्के आणि रिम १६ इंचांची. या गाड्यांना २४५/७५ आर १६ बसवणारे पुष्कळ जण आहेत आणि गाडी त्यात रुबाबदार दिसते, हे मी मान्य करतो. हिशेब मात्र करून पाहावा. मूळ टायरचा व्यास ७३५ मिलिमीटर येतो आणि मोठ्याचा ७७४, म्हणजे सव्वापाच टक्के अधिक. जमिनीपासूनची उंची त्याच्या निम्म्याने, म्हणजे जेमतेम १९ मिलिमीटरने वाढते, कारण व्यासातील निम्मी वाढ आसाच्या वर जाते. त्याच्या मोबदल्यात प्रत्येक गिअर सव्वापाच टक्क्यांनी लांब होतो, रस्त्याला मिळणारा जोर जवळपास तेवढाच कमी होतो, काटा ८० दाखवत असताना गाडी ८४ च्या पुढे धावते आणि जड चाकाचा भार बारा वर्षे जुन्या ब्रेकांवर, बॉल जॉइंटांवर आणि बेअरिंगांवर पडतो. एका मित्राच्या गाडीत मोठे टायर आहेत. स्टिअरिंग पूर्ण वळवले की पुढचे चाक आतल्या बाजूला घासल्याचा आवाज मी स्वतः ऐकला आहे. तोरणमाळच्या घाटात मला १९ मिलिमीटर उंचीपेक्षा दुसऱ्या गिअरमधला जोर अधिक उपयोगी वाटतो, त्यामुळे मूळ माप कायम ठेवले.

त्यानंतर नक्षीचा प्रश्न आला. येथे स्वतःच्या वापराचा हिशेब प्रामाणिकपणे मांडणे आवश्यक होते, आणि मी वर्षभराच्या फेऱ्यांची वही काढून तो मांडला. दर दहा किलोमीटरपैकी आठ डांबरी रस्त्याचे निघाले, त्यांतही धुळे-जळगाव महामार्गाचे सर्वाधिक. दीड किलोमीटर सातपुड्याच्या पायथ्याच्या मुरमाचे आणि दगडी वाटांचे. आणि उरलेला अर्धा किलोमीटर शेताचा. मड टेरेन, म्हणजे चिखलासाठी बनवलेला टायर, या अर्ध्या किलोमीटरसाठी असतो. उरलेले साडेनऊ किलोमीटर तो गुणगुणतो आणि लवकर झिजतो. शिवाय त्याच्या मोठ्या, विरळ ठोकळ्यांमुळे पावसात ओल्या डांबरावर ब्रेक लावताना रबराचा रस्त्याशी संपर्क कमी राहतो, ही बाब मला सर्वांत गंभीर वाटते.

साइडवॉलच फाटली असल्यामुळे अधिक थरांचा एलटी (लाइट ट्रक, म्हणजे हलक्या मालवाहू गाड्यांचा) प्रकार घ्यावा, असे मला सुरुवातीला वाटत होते. बीएफगुडरिचचा केओ टू आमच्या मापात १०४/१०१ एस असा येतो. त्यातील १०४ म्हणजे एकेरी चाकावर ९०० किलो आणि १०१ म्हणजे जोडचाकात प्रत्येकी ८२५ किलो. जून २०२० मध्ये केंद्र सरकारने नव्या टायरांच्या आयातीवर निर्बंध आणल्यापासून असे टायर ताज्या तारखेचे आणि पाचही एकाच आठवड्याचे मिळवणे अवघड झाले आहे. याशिवाय एलटी टायर जड असतो, कडक असतो, आणि तेवढेच वजन पेलण्यासाठी त्यात हवाही अधिक ठेवावी लागते. मागे पाट्यांचे सस्पेन्शन असलेली आमची हलकी गाडी त्यामुळे रिकामी असताना अधिकच उडते. भार नेहमी लादणाऱ्या माणसाने एलटीच घ्यावा. माझ्यासारख्याने साध्या बांधणीचा ऑल टेरेन, म्हणजे डांबर आणि कच्चा रस्ता दोन्हींसाठीचा टायर, घेऊन जानेवारी ते मार्च पऱ्हाटीच्या बांधापासून हातभर दूर राहावे, या निष्कर्षावर मी आलो.

अपोलोचा अपटेरा एटी टू आणि योकोहामाचा जिओलँडर एटी जी०१५ हे दोन शेवटपर्यंत स्पर्धेत होते. मी जिओलँडर निवडला, कारण त्याचे खांद्याकडील ठोकळे साइडवॉलवर थोडे खाली उतरतात आणि मधल्या ठोकळ्यांत बारीक चिरा भरपूर आहेत. ओल्या रस्त्यावर पाणी कापण्याचे काम या चिराच करतात. त्यावर १०६ एच असे लिहिलेले आहे, म्हणजे ९५० किलो आणि ताशी २१० किलोमीटर. बर्फाच्या डोंगराचे चिन्हही आहे, ज्याचा जळगावात काही उपयोग नाही.

एप्रिलमध्ये खरेदी करताना एका दुकानात दाखवलेल्या पाचांपैकी दोन टायर इतरांपेक्षा दीड वर्षाने जुने निघाले. तारखेचा आकडा टायरच्या एकाच बाजूला पूर्ण छापलेला असतो आणि ती बाजू भिंतीकडे करून ठेवलेली होती. विजेरी घेऊन प्रत्येक टायर फिरवून पाहिला नसता तर ते माझ्या गाडीला लागले असते. दुसऱ्या दुकानातून पाचही एकाच आठवड्याचे मिळाले. आप्पांनी जुने व्हॉल्व्ह काढून नवे घातले, रिमच्या कडेचा गंज तारेच्या ब्रशने घासून काढला आणि त्यानंतरच टायर चढवले. ट्यूबलेसची हवा हळूहळू उतरण्याचे मूळ बहुधा या गंजातच असते. नव्या नक्षीची खोली माझ्या गेजवर दहा मिलिमीटरहून थोडी अधिक भरली.

मे महिन्यात पारा पंचेचाळिसाच्या घरात असताना हवेची नोंद ठेवली. पहाटे थंड टायरमध्ये ३० पाउंड हवा भरली आणि धुळ्याला पोहोचल्यावर दुपारी मोजली तेव्हा ती ३६ होती. तापमान साडेपाच अंशांनी वाढले की साधारण एक पाउंड वाढतो, त्यामुळे हा आकडा अपेक्षितच आहे आणि ही वाढलेली हवा काढू नये. ती काढली तर टायर थंड झाल्यावर हवा कमी पडते, साइडवॉल अधिक वाकते, आणि पुढच्या फेरीत टायर आणखी तापतो.

जुलैमध्ये चोपडा तालुक्यातील काकांच्या शेतात काळ्या मातीची परीक्षा झाली. दोन दिवसांच्या पावसानंतर लो गिअरमध्ये, हवा २० वर आणून गाडी आत घातली. पहिल्या पन्नास पावलांतच सर्व खाचा भरल्या आणि चाके गुळगुळीत गोळ्यांसारखी दिसू लागली. ही चिकणमाती पाणी शोषून फुगते आणि रबराला लिंपल्यासारखी धरून बसते. ती फेकून देण्यासाठी चाक वेगाने फिरवावे, तर खाली खड्डा होऊन गाडी पोटावर बसते. बाहेर आल्यावर एकाच चाकाची माती खुरप्याने काढली, ती एका घमेल्यात मावली नाही. "दोन दिवस ऊन पडू दे, मग बैलगाडीसुद्धा जाईल," असे काका म्हणाले. या मातीत मड टेरेननेही माझा फार फायदा झाला असता असे मला वाटत नाही.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात शहाद्याहून तोरणमाळला गेलो आणि तेथे मात्र निवड सार्थ वाटली. ओल्या डांबरी वळणांवर मागचा भाग एकदाही सरकला नाही. वरच्या मुरमाच्या वाटेवर हवा २४ वर आणताच धारदार दगडांवरून गाडी मऊ चालली, जुन्या टायरांसारखी उसळली नाही. खाचांत अडकलेले खडे बहुतेक आपोआप सुटतात. घरी आल्यावर चार चाकांतून अकरा खडे स्क्रू ड्रायव्हरने काढले.

३,१०० किलोमीटरनंतरचे मोजमाप असे आहे: मागील दोन्ही टायर ०.३ मिलिमीटर झिजले आहेत आणि पुढचा डावा ०.४. पुढचा उजवा मात्र बाहेरच्या कडेला ०.८ झिजला आहे, म्हणजे अलाइनमेंट बिघडलेले आहे. चाकाला स्टिअरिंगशी जोडणाऱ्या उजव्या टाय रॉडच्या टोकाला हाताने हलवल्यावर जाणवेल इतकी ढिलाई आढळली. ते टोक येत्या रविवारी बदलायचे आणि त्यानंतरच अलाइनमेंट करायचे, कारण ढिल्या जोडावर केलेले अलाइनमेंट पहिल्या खड्ड्यातच निघून जाते. स्टेपनीसह पाच चाकांची अदलाबदल ८,००० किलोमीटरला करण्याचे ठरवले होते, ती आता ५,००० ला करणार आहे.