तुम्ही विचारलंत म्हणून: पत्रव्यवहार बघणाऱ्या कारकुनाला पुढं काय?

कोल्हापुरात, लक्ष्मीपुरीत मी टायपिंग शिकवतो. पोराचं नाव घालायला आलेले आईवडील फीच्या आधी हेच विचारतात, "सर, ऑफिसात पत्रव्यवहार बघणाऱ्याला पगार किती पडतो? आणि पुढं काय?"

सरकारीचं सांगणं सोपं. राज्य शासनाचा लिपिक-टंकलेखक सातव्या वेतन आयोगात मूळ पगार 19,900 वर लागतो. वर महागाई भत्ता, घरभाडे आणि वर्षाला साधारण तीन टक्के वेतनवाढ. वरिष्ठ लिपिकाची सुरुवात 25,500 पासून. बढती अडली तरी आश्वासित प्रगती योजनेत 10, 20 आणि 30 वर्षांच्या सेवेनंतर वरची श्रेणी मिळू शकते. महसुलात हाच माणूस अव्वल कारकून (आता पदाचं नाव सहायक महसूल अधिकारी) आणि तिथून नायब तहसीलदारही होतो, खात्याच्या परीक्षा काढल्या तर.

नेमणुकीआधी एवढं मात्र विचाराच, की जागा मंजूर पदावरची आहे की एजन्सीमार्फत? टेबल तेच, काम तेच, पण एजन्सीच्या पोराला यातलं काही लागू होत नाही. हा अन्याय आहे असंच मी म्हणतो. शाहू महाराजांनी 26 जुलै 1902 ला संस्थानातल्या रिकाम्या होणाऱ्या 50 टक्के जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखल्या, कारण कचेरीतल्या नोकरीनं घर वर येतं. त्याच कोल्हापुरात कारकुनाची जागा तात्पुरती होत चाललेली बघवत नाही.

आता कामाचं. टपाल घ्यायचं, शिक्का मारायचा, आवक क्रमांक टाकायचा, ज्याच्या त्याच्या टेबलाला द्यायचं. एवढं कुणीही शिकतो, आणि ई-ऑफिसमुळं, म्हणजे फायली संगणकावर चालवायच्या पद्धतीमुळं, त्यातलं बरंच स्क्रीनवर गेलंय. साहेब हाक मारतात ती टिप्पणी लिहिणाऱ्याला. समजा, ग्रामपंचायतीचं रस्त्याबद्दल पत्र आलं. मागचा पत्रव्यवहार काढायचा, लागू असलेला शासन निर्णय बघायचा, अर्ध्या पानात प्रकरण मांडायचं, खाली 'मान्यतेस्तव सादर' लिहून सोबत उत्तराचा मसुदा लावायचा. बदल्या आणि कामातली दिरंगाई यांबद्दलच्या राज्याच्या 2005 च्या कायद्यानं कुठलीही फाइल सहसा एका टेबलावर कामाच्या सात दिवसांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. म्हणून नेटका मसुदा करणारा माणूस ऑफिसला लागतोच.

खासगीत, म्हणजे उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगावातल्या कारखान्यांत, नुसती पत्रं टाइप करायला कुणी माणूस ठेवत नाही. माल पाठवायचं चलन, वाहतुकीचं ई-वे बिल, टॅलीवरचे हिशेब हे सगळं त्याच खुर्चीवर येतं. पगार कारखान्यागणिक वेगळा, आणि सुरुवातीला कमीच. पण गिऱ्हाइकानं कास्टिंग, म्हणजे ओतीव माल, रिजेक्ट केल्याचा मेल आला, की हीट नंबर (कुठल्या ओताचा माल ते), ड्रॉइंग नंबर, नग ताडून बघून त्याच दिवशी सरळ इंग्रजीत उत्तर देणारा पोरगा मालकाच्या नजरेत भरतो. त्याला पुढं डिस्पॅच, परचेस किंवा एक्स्पोर्टच्या कागदपत्रांचं काम मिळतं. ज्याला हे जमत नाही, तो वर्षानुवर्षं त्याच पगारावर राहतो.

म्हणून पोरगं कॉलेजात असतानाच मिनिटाला मराठी 30 शब्द आणि इंग्रजी 40 शब्द अशी दोन्ही टायपिंग काढून घ्या. लिपिकाच्या परीक्षेला पदवी लागते. ती हातात येईपर्यंत प्रमाणपत्रं तयार हवीत. आणि रोज एक पत्र त्याच्याकडून स्वतःच्या शब्दांत लिहून घ्या. ती वही माझ्याकडं आणली तर मी तपासून देईन, त्याची फी नाही.