एकाच कागदावरचे दोन ओडी

अमळनेरला माझं मेडिकल आहे. कापूस वेचणीचे दिवस, त्यात बाजारचा वार, त्यामुळे काउंटरवर खेड्यांवरची गर्दी. काळा चष्मा लावलेली एक माय नातवाचा हात धरून पुढे आली. "भाऊ, मना डोया भलता दुखस." नातवाला दुखण्याची गोळी हवी होती.

शिबिरात मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन आठवडा झालेला. सुरुवातीला डोळा थोडा खुपतो, टोचतो. पण दुखणं कमी होण्याऐवजी वाढत असेल आणि डोळा लालभडक असेल, तर पेनकिलर देऊन गिऱ्हाईक वाटेला लावणं मला पाप वाटतं. मी कागद आणि औषधं मागितली.

ड्रॉप्सची 5 मिलीची बाटली उजेडात धरली. 1 मिलीत साधारण 20 थेंब, म्हणजे बाटलीत शंभरेक. दिवसातून 6 वेळा टाकले असते तर आठवड्यात बाटली निम्म्याला यायला हवी होती. ही जवळपास भरलेलीच.

कागदावर ड्रॉप्सच्या नावापुढे ओडी आणि त्यापुढे घाईत काढलेला 6 चा आकडा. खालच्याच ओळीत बीपीची गोळी, तिच्यापुढेही ओडी. घरच्यांनी गावात कुणाला तरी विचारलं, त्याने सांगितलं, ओडी म्हणजे दिवसातून एकदा. गोळीपुरतं ते बरोबरच होतं. मग 6 म्हणजे सकाळचे सहा, असं घरच्यांनी ठरवलं. माय रोज पहाटे सहाला एक थेंब टाकत होती, एकही दिवस न चुकता.

डोळ्यांच्या डॉक्टरांचा ओडी वेगळा. ऑक्युलस डेक्स्टर, लॅटिनमध्ये उजवा डोळा. डाव्याला ओएस, दोन्हींना ओयू. हे ऐकून नातू चक्रावला. तो पाइपाच्या दुकानात कामाला. "आमच्याकडे ओडी म्हणजे पाइपाचा बाहेरचा व्यास," तो म्हणाला. खरंच आहे, शेतात टाकतो त्या पाइपाचं 63, 75, 90 एमएम हे माप बाहेरूनच धरतात. बँकेत ओडी म्हणजे ओव्हरड्राफ्ट, मास्तरांच्या हजेरीत ऑन ड्यूटी, दवाखान्याच्या कॅज्युअल्टीत ओव्हरडोस. यातले बहुतेक ओडी एकमेकांच्या वाटेला जात नाहीत, कारण पाइपाच्या दुकानात कुणी डोळा दाखवायला येत नाही. औषधाच्या चिठ्ठीवर मात्र दोन अर्थ खालीवर येऊन बसतात आणि तिथेच माणूस फसतो.

हा घोळ आपल्याकडचाच नाही. औषधांतल्या चुका टाळण्यासाठी काम करणाऱ्या अमेरिकेतल्या आयएसएमपी या संस्थेच्या धोकादायक संक्षेपांच्या यादीत ओडी आहे. तिथे उलटं घडलं होतं. 'दिवसातून एकदा' हा ओडी 'उजवा डोळा' असा वाचला गेला आणि तोंडाने घ्यायचं पातळ औषध डोळ्यात टाकलं गेलं. आपल्याकडे 2016 मध्ये मेडिकल कौन्सिलने चिठ्ठी सुवाच्य, शक्यतो कॅपिटल अक्षरांत लिहावी असं नियमात घातलं. नियम चांगलाच आहे, पण ओडी मोत्यासारख्या अक्षरात लिहिला तरी त्याचे अर्थ दोनच राहतात.

कागदावरच्या नंबरवर मी तिथूनच डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी लगेच पाठवा म्हटलं. नातवाने मायला मोटरसायकलवर बसवून नेलं. संध्याकाळी डॉक्टरांचाच फोन आला: ड्रॉप्स कमी पडल्याने आतली सूज वाढली होती, जंतुसंसर्ग नव्हता, आता दर तासाला थेंब टाकायला सांगितलेत. सूज हळूहळू उतरली आणि मायची नजर वाचली.

मी डोळ्याच्या प्रत्येक औषधाच्या खोक्यावर मार्करने मराठीत लिहितो: उजवा डोळा, दिवसातून 6 वेळा. शिबिरं भरवणाऱ्यांकडे माझं मागणं एवढंच आहे की कागदावर दोन डोळ्यांचं चित्र छापा, ज्या डोळ्यात औषध टाकायचं त्याच्यावर खूण करा आणि वेळा मराठीत लिहा. त्या डॉक्टरांना हे मी फोनवरच सांगितलं. पुढच्या शिबिराचा कागद छापायच्या आधी मला दाखवतो, असं ते म्हणालेत.