पाच चिंचोके

आमच्या बीटची, म्हणजे माझ्याकडच्या अंगणवाड्यांच्या गटाची, महिन्याची बैठक म्हणजे आकड्यांची बैठक. वजन-उंची किती मुलांची झाली, पोषण ट्रॅकर ॲपवरच्या नोंदी का राहिल्या, 'मॅडम, रेंज नव्हती' हे कितव्यांदा ऐकायचं. वेळ उरलाच तर शेवटची दहा मिनिटं पूर्वशालेय शिक्षणाला. पर्यवेक्षिका मी, बैठक घेणारी मी, तेव्हा तक्रार तरी कुणाची करणार?

एका पावसाळ्यात सेविकांनीच विषय काढला. "मॅडम, एक बैठक भरलेल्या वर्गात घ्या ना. आम्ही एकमेकींचा वर्ग कधी बघितलाच नाय." यातल्या काही जणी वीस वर्षं हे काम करताहेत. डिसेंबर २०२३ ते जानेवारी २०२४ च्या अंगणवाडी सेविकांच्या ५२ दिवसांच्या संपात त्यांची एकमेकींशी खरी गट्टी जमली. मी तेव्हा कार्यालयाच्या बाजूला होते, त्यामुळे त्या गट्टीत मला जागा नाही, हे मला ठाऊक आहे.

डहाणू तालुक्यातल्या एका पाड्यावरची अंगणवाडी मीच निवडली. खरं सांगायचं तर मिरवायला निवडली. भिंतींवर चित्रं, रजिस्टरं चोख, मुलं वेळेवर. माझ्या प्रत्येक भेटीत पहिला नंबर तिचाच.

अकरा सेविका भिंतीला टेकून बसल्या. मुलांनी दोन बडबडगीतं म्हटली, मग एक ते वीस अंक, छप्पर दणाणेल अशा आवाजात. मी मोबाइल काढून फोटो घेतला.

कोपऱ्यात मिनी अंगणवाडीची, म्हणजे छोट्या वस्तीवरच्या लहान अंगणवाडीची, सेविका बसली होती. तिच्याकडे मदतनीस नव्हती; शिकवणं, शिजवणं, लिहिणं सगळं एकटीच्या अंगावर. ती म्हणाली, "बाई, मी एकेकाला विचारू?" यजमान सेविका हसून हो म्हणाली. हिनं पिशवीतून चिंचोक्यांचा डबा काढला आणि पुढे बसलेल्या लाल बनियनवाल्याला म्हणाली, "मला पाच दे रे."

त्यानं मूठभर दिले.

"पाच." त्यानं आणखी एक मूठ दिली. दुसरीला विचारलं, तिनं अख्खा डबा पुढे सरकवला. तिसऱ्यानं 'एक, दोन, तीन' म्हणत बोट फिरवलं, पण बोट एका चालीनं आणि तोंड दुसऱ्या चालीनं. चौथीला विचारू नये असं मलाच वाटायला लागलं.

यजमान सेविका उठून चुलीकडे गेली. खिचडी बघायला, असं म्हणाली. खिचडी मदतनीस बघतच होती.

मी काय बोलावं? त्या वर्गाला दर वेळी उत्तम शेरा मीच दिला होता, आणि एकदाही एका मुलाला वेगळं बसवून काही विचारलं नव्हतं. एकसुरात म्हटलेले अंक ऐकायचे, सही करायची, पुढचा पाडा गाठायचा. पंचवीसेक अंगणवाड्या फिरायच्या तर दुसरं काय, असंही मनाशी म्हणून झालं.

कोंडी फोडली त्या बायकांनीच. एक म्हणाली, "माझ्याकडं विचारलं तर दोन पण नाय देणार." दुसरी म्हणाली, "मी तर विचारतच नाय, भीती वाटते." हसणं झालं. कुणीतरी यजमान सेविकेला चुलीपासून ओढून आणलं.

मागोमाग मदतनीसही आली, हातात पळी. "ह्याला पाच येत नाय?" लाल बनियनकडे बघत म्हणाली. "रोज ताटं तोच मांडतो की. एक कमी नाय, एक जास्त नाय."

त्या दिवशी सतरा मुलं होती. आम्ही गप्प बसून बघितलं. त्यानं ताटांची चळत उचलली नाही. एक ताट घेतलं, एका पोरीपुढे ठेवलं, परत गेला, दुसरं आणलं. असा सतरा वेळा. मग उकडलेली अंडी, तशीच. शेवटी एक अंडं उरलं तेव्हा तो थांबला, रांगेकडे बघितलं आणि दाराबाहेर हात धुणाऱ्या मुलाला हाक मारली.

म्हणजे पाच हा शब्द त्याच्याकडे नव्हता, पण एकाला एक जोडणं पक्कं होतं. आणि मोजणं सुरू होतं ते तिथूनच. ते पोराला येतं हे त्या खोलीत फक्त मदतनिशीला माहीत होतं, आणि तिला आम्ही आजवर एकाही बैठकीला बसवलं नव्हतं.

कोसबाड इथून लांब नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं, पुढे कोसबाडला नेलं. मुलं बालवाडीत येईनात, तर बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. अंगणवाडी हा शब्द तिथला. महागड्या साधनांऐवजी त्यांनी शंख, शिंपले, बिया वापरल्या. हे मी प्रशिक्षणात कितीदा तरी सांगितलंय. चिंचोक्यांचा डबा मात्र मिनीवालीच्या पिशवीत निघाला.

पुढचा तासभर मी काही बोलले नाही. त्यांनीच ठरवलं: ताटं मांडताना मोठ्यानं मोजायचं, 'दोन ताटं आण, तीन पेले आण' असं सांगायचं, आणि पुढची बैठक मिनीवालीकडे. मदतनिशींनाही बोलवायचं. मिनीवालीला मदतनीस नाही, तर त्या दिवशी खिचडी कोण शिजवणार यावर बरीच चर्चा झाली. यजमान सेविका म्हणाली, "मी शिजवते. तू वर्ग घे, मला बघायचाय."

संध्याकाळी अहवाल भरला. त्यात एक फोटो जोडावा लागतो. माझ्याकडे एकच होता, मुलं तोंड उघडून वीसपर्यंत म्हणतानाचा. तोच जोडला.