मुतखड्याचा सीटी आणि अ‍ॅड्रीनलची गाठ

सीटी केयूबी (मूत्रपिंडापासून मूत्राशयापर्यंतचा सीटी स्कॅन) केला मुतखड्यासाठी, आणि रिपोर्टच्या तळाशी एक ओळ निघाली: डाव्या मूत्रपिंडावर बसलेल्या ग्रंथीत, म्हणजे अ‍ॅड्रीनलमध्ये १८ मिमीची गाठ. घरच्यांची झोप उडते ती या ओळीने. अशा बहुतेक गाठी निरुपद्रवी असतात. तरी रिपोर्ट कपाटात टाकू नका. गाठ कॅन्सरची आहे का आणि ती हार्मोन सोडते का, हे दोन्ही बघायलाच हवं.

पहिल्याचं उत्तर बरेचदा त्याच सीटीत असतं. केयूबी डाय, म्हणजे शिरेतून सोडायचं औषध, न देता काढतात, त्यामुळे गाठीची घनता थेट मोजता येते. या मोजमापात पाणी म्हणजे शून्य, चरबी उणे शंभरच्या आसपास. साध्या, कॅन्सर नसलेल्या गाठीच्या, म्हणजे अ‍ॅडिनोमाच्या पेशींत चरबी भरलेली असते, म्हणून त्याचा आकडा खाली येतो. गाठ एकसारखी दिसते आणि घनता १० एचयू (हाउन्सफिल्ड युनिट, याच मोजमापाचं एकक) किंवा कमी आहे, तर २०२३च्या युरोपीय मार्गदर्शक सूचनांनुसार पुन्हा स्कॅन लागत नाही. रिपोर्टमध्ये हा आकडा नसेल तर सीडी घेऊन रेडिओलॉजिस्टकडे जा, मोजून मिळतो. फक्त डाय दिलेला सीटी असेल तर मात्र या आकड्यावर विसंबू नका. डायने घनता वाढते.

हार्मोनसाठी रात्री अकरा-बाराच्या दरम्यान डेक्सामेथासोन (कॉर्टिसॉल हे हार्मोन दाबणारं स्टिरॉइड) १ मिग्रॅ, म्हणजे ०.५ मिग्रॅच्या दोन गोळ्या. सकाळी आठ-नऊला रक्तातलं कॉर्टिसॉल. डेसिलिटरला १.८ मायक्रोग्रॅम किंवा खाली आलं की ठीक. वर आलं म्हणून लगेच ऑपरेशन नाही. बीपी, साखर, हाडं तपासायची. इथे चुकतं ते असं: इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या चालू असतात आणि कॉर्टिसॉल खोटंच जास्त येतं. रात्रपाळी असेल तर तीही आधी सांगा. बीपी असेल किंवा पोटॅशियम कमी असेल, तर अल्डोस्टेरॉन आणि रेनिनही (बीपी आणि मीठ सांभाळणारे) तपासायचं.

घनता १० च्या वर असेल तर मेटानेफ्रिन (अ‍ॅड्रिनलिनसारख्या हार्मोनपासून बनणारे पदार्थ) तपासल्याशिवाय तुकडा काढायला गाठीत सुई घालू देऊ नका, कुणी कितीही घाई केली तरी. गाठ फिओक्रोमोसायटोमाची, म्हणजे बीपी वाढवणारे हार्मोन सोडणारी, निघाली तर सुईच्या धक्क्याने बीपी असं उसळतं की जीव जाऊ शकतो.

दोन्ही बाजूंच्या अ‍ॅड्रीनल फुगलेल्या असतील तर आपल्याकडे टीबी आधी आठवायचा. तेव्हा प्रश्न उलटा असतो: कॉर्टिसॉल कमी तर पडत नाही ना? थकवा, वजन उतरणं, काळवंडलेल्या हिरड्या दिसल्या तर सकाळी आठचं कॉर्टिसॉल लगेच करून घ्या.