मात्रा कमी झाली त्याबद्दल

कालपासून मन थाऱ्यावर नाही, आणि कारण म्हणावे तर एवढेसेच आहे की डॉक्टरबाईंनी माझ्या इस्ट्रोजेनच्या, म्हणजे स्त्री-संप्रेरकाच्या, इंजेक्शनची मात्रा कमी केली. औषध बंद झालेले नाही, उपचार थांबलेले नाहीत, कोणी मला काही नाकारलेले नाही. तरीही चिठ्ठीवरचा नवा आकडा वाचताना घसा दाटून आला आणि उठून येईपर्यंत मला त्यांच्याशी धड बोलता आले नाही. ते नेमके कशामुळे झाले, हे लिहून काढल्याशिवाय मला समजेल असे वाटत नाही.

रक्ताच्या रिपोर्टमध्ये इस्ट्रॅडिओल, म्हणजे मुख्य इस्ट्रोजेन, 410 पिकोग्रॅम प्रति मिलिलिटर आले. एंडोक्राइन सोसायटी या संप्रेरकतज्ज्ञांच्या संघटनेच्या 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार आम्हा ट्रान्स स्त्रियांच्या उपचारांत ते साधारण 100 ते 200 च्या दरम्यान असावे, आणि डॉक्टरबाईही तेच धरून चालतात. आकडा खरा आहे का, याची त्यांनी आधी खात्री करून घेतली. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू आहेत का, असे विचारले, कारण तपासणीच्या काही पद्धतींत बायोटिनमुळे इस्ट्रॅडिओल आहे त्याहून जास्त दिसते. त्या मी घेत नाही. मग रक्त कोणत्या दिवशी दिले ते विचारले. मी ते पुढच्या इंजेक्शनच्या अगोदर दिले होते, म्हणजे दोन इंजेक्शनांच्या मधली पातळी जेव्हा सर्वांत खाली असते तेव्हाचा हा आकडा होता. इंजेक्शननंतरच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत ती आणखी कितीतरी वर जात असणार. एवढे कळल्यावर शंकेला जागा उरली नाही.

मला छळते आहे ते मात्र निराळेच. रिपोर्ट मी आधी एकटीने उघडला होता, आणि तो आकडा पाहून मला पहिल्यांदा आनंद झाला होता. भीती नंतर आली, तीही मागाहून वाचले तेव्हा. कितीतरी वर्षे माझ्या शरीरात दुसरेच संप्रेरक वाहत होते. ते जास्त आहे का, त्याने माझे काही बिघडते आहे का, हे कोणी कधी तपासायला सांगितले नाही. त्याने आवाज बदलला, जबडा रुंद केला, आणि त्या सगळ्याला वाढ म्हणून कौतुकाने पाहिले गेले. आता कुठे रक्तात मला हवे ते आले, तर त्याच्यावर लगेच देखरेख, लगेच मर्यादा. काल रात्री मी हेच पुन्हा पुन्हा मनाशी म्हणत राहिले, आणि दर वेळी मला स्वतःची अधिकच कीव येत गेली. आईचा फोन आला तेव्हाही मी नीट बोलले नाही. त्याचे वाईट वाटते आहे, पण ते आज नको.

डॉक्टरबाईंचे म्हणणे चुकीचे नाही, हे मला ठाऊक आहे. टेस्टोस्टेरॉन, म्हणजे ते जुने पुरुषी संप्रेरक, 50 नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली आणायचे असते, आणि माझे ते केव्हाच तिथे पोहोचले आहे. त्यानंतर इस्ट्रॅडिओल दुप्पट केले म्हणून शरीर दुप्पट वेगाने बदलत नाही. चरबीची जागा बदलू लागायला तीन ते सहा महिने लागतात आणि ते काम पुढे काही वर्षे चालते. त्याला वेळच द्यावा लागतो. युरोपातील काही उपचार केंद्रांनी मिळून 2018 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तर असे दिसले की पहिल्या वर्षातली स्तनांची वाढ मुख्यतः पहिल्या सहा महिन्यांतच झाली, आणि रक्तातल्या इस्ट्रॅडिओलच्या पातळीवरून ती किती होईल याचा अंदाज बांधता आला नाही. हे वाचून मी बराच वेळ गप्प बसले. त्या वाढीव आकड्यावर मी मनातल्या मनात किती काही उभे केले होते.

उलट, जास्त इस्ट्रोजेनने रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो. धूम्रपान, वाढते वय, फार काळ अंथरुणाला खिळून राहणे, यांनी तो आणखी वाढतो. एकाच पोटरीला सूज येऊन ती दुखू लागली, अचानक धाप लागली किंवा छातीत कळ आली तर वाट न पाहता तातडीने दवाखाना गाठायचा, हे डॉक्टरबाईंनी मला पुन्हा एकदा म्हणून दाखवायला लावले. मला ते पाठ आहे. पण त्या ज्या काळजीने ऐकत होत्या, त्याने मला नंतर बरे वाटले.

सकाळी ताईला सांगितले तर ती म्हणाली, "अगं, कमीच केलंय ना, बंद तर नाही केलं." तिने ते सहज म्हटले, आणि माझी भीती नेमकी तिथेच आहे, हे मला तेव्हा कळले. कमी झाले की पुढे बंद होईल, बंद झाले की जुना चेहरा परत येईल, अशी एक साखळी माझ्या मनात आपोआप जुळते. ज्या काळात हे औषध मला मिळतच नव्हते, त्या काळाची ही भीती आहे. कालच्या चिठ्ठीने ती फक्त जागी केली.

दुपारी आणखी एक गोष्ट लक्षात आली. मात्रा बदलल्यावर काही जणींना काही दिवस थकवा येतो किंवा मन उदास होते, असे मला सांगितले होते, आणि मी कालचे सगळे रडू त्याच्याच खात्यावर मांडून मोकळी झाले होते. पण नवी मात्रा अजून माझ्या शरीरात गेलेलीच नाही. पुढचे इंजेक्शन गुरुवारी आहे. तेव्हा हे रडू औषधाचे नाही, माझेच आहे, आणि तसे असेल तर त्याला घाबरण्याचे कारण नाही. हे उपचार मला म्हातारपणापर्यंत घ्यायचे आहेत. मग माझ्या रक्तवाहिन्यांनी तोवर साथ द्यायला हवी, हे मलाच वाटले पाहिजे, आणि आज ते मनापासून वाटते आहे. काल वाटत नव्हते.

डॉक्टरबाईंनी पॅचचाही पर्याय सुचवला आहे, कारण त्वचेतून जाणाऱ्या औषधाची पातळी इंजेक्शनइतकी वरखाली होत नाही. मला इंजेक्शन सोडवत नाही. दर आठवड्याला ते स्वतःच्या हाताने घेणे मला फार मोलाचे वाटते. तीन महिन्यांनी पुन्हा रक्त द्यायचे आहे, आणि तेव्हाही पातळी चढीच राहिली तर मी पॅच घेईन, असे त्यांना कळवले आहे. टेस्टोस्टेरॉनही त्याच दिवशी तपासावे, एवढी एकच विनंती मी केली, आणि ती त्यांनी लगेच लिहून घेतली.