खळ, पतंगी कागद आणि वाती वळणाऱ्या आज्या

दिवाळीची सुट्टी लागण्याआधीच्या शेवटच्या शनिवारी सकाळी सात वाजता आमच्या मंडळाच्या स्वयंपाकघरात मोठे पातेले गॅसवर चढायचे आणि फराळाच्या त्या दिवसांत त्यात खळ शिजत असायची. वाटीभर मैदा आधी गार पाण्यात गुठळ्या मोडेपर्यंत कालवायचा, मग चार-पाच वाट्या पाणी घालून मंद आचेवर तो घट्ट आणि तुकतुकीत होईपर्यंत ढवळत राहायचे, एवढीच कृती. पण हात क्षणभर थांबला की ती बुडाला लागते, म्हणून हे काम आमच्या मावशींखेरीज कोणाच्या हाती दिले जात नसे. पुस्तके बांधणारे कारागीर खळीत मोरचूद घालतात, त्यामुळे कागदाला कसर लागत नाही. आमच्या पातेल्याजवळ मात्र मोरचुदाची पुडीसुद्धा फिरकू द्यायची नाही असा कडक नियम होता, कारण तीन वर्षांचे मूल खळीत बुडवलेले बोट कागदाला लावण्याआधी हमखास तोंडात घालते, आणि ‘ताई, ही खीर गोड नाहीये’ अशी तक्रार दरवर्षी निदान एकदा तरी यायचीच. मोरचूद नाही म्हणजे खळ दुसऱ्या दिवशी आंबणार; त्यामुळे ती आदल्या दिवशी करून ठेवण्याची सोय नव्हती.

पुण्याच्या एका पेठेतल्या मंडळाची ही बालवाडी. १९९१ साली मी तेथे रुजू झाले आणि तीस वर्षांहून अधिक काळ तेथेच रमले. श्रावणात राख्या, पोळ्याला मातीचे बैल, दसऱ्याला कागदाची आपट्याची पाने, संक्रांतीला शेपटीवाले पतंग असे काही ना काही वर्षभर चालू असे. पण पालक, आजी-आजोबा, मंडळाचे कार्यकर्ते आणि अडीच ते पाच वर्षांची तीसेक मुले एकाच सतरंजीवर बसतील असा मेळावा एकच, दिवाळीच्या कंदिलांचा.

त्याची तयारी पंधरा दिवस आधी सुरू होई. बोहरी आळीतून रंगीत कागद, बुरूड आळीतून कामट्या आणि कसब्यातल्या कुंभारवाड्यातून पणत्या आणायच्या, हा क्रम ठरलेला होता. एका वर्षी मंडळाच्या कार्यकारिणीने आपणहून तयार साहित्याची पाकिटे मागवली. त्यात कापून ठेवलेल्या चांदण्या होत्या, चिकट पाठीची टिकली होती आणि मुलांनी फक्त कागद सोलून ती चिकटवायची होती. कार्यक्रम वीस मिनिटांत आटोपला आणि उरलेला दीड तास मुले सतरंजीच्या दशा ओढत बसली. पुढच्या सभेत मी ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांचे नाव काढले. १९४५ साली बोर्डीला बालशिक्षणाचे काम उभे करताना आणि पुढे कोसबाडला ते नेताना त्यांनी शंख-शिंपले, बिया, पाने, माती असे आसपास सापडणारे साहित्यच मुलांच्या हाती दिले, हे आम्हाला प्रशिक्षणात शिकवलेले होते. खजिनदारांना ताराबाईंचे तत्त्व कितपत पटले ते मला सांगता येणार नाही. पतंगी कागदाचा खर्च पाकिटांच्या पाव हिश्श्यात बसतो, हे मात्र त्यांना तत्काळ पटले.

इतक्या लहान मुलांकडून कंदील करून घ्यायचा म्हणजे त्यांच्या बोटांना काय जमते ते आधी पाहावे लागते. अडीच-तीन वर्षांचे मूल कातरीला बिचकते, पण कागद फाडायला सांगितला तर त्याचा चेहरा उजळतो; घरी ज्या गोष्टीसाठी रागावणे खावे लागते तीच येथे करायला सांगतात, यावर त्याचा सुरुवातीला विश्वासच बसत नाही. अंगठा आणि तर्जनी यांच्या चिमटीत कागद धरून तो टरकावताना बोटांची जी ओढाताण होते, तीच पुढे पेन्सिल धरताना कामी येते. चार वर्षांचे मूल कातरीचा एकेक चावा घेऊ शकते, आणि पाचव्या वर्षाच्या आसपास त्याला आखलेल्या रेघेवरून चालता येऊ लागते. म्हणून आमचा कंदीलही तीन थरांचा असे. मोठ्या गटातल्या मुलांनी कागदाची लांबट घडी घालून घडीच्या बाजूने काप घ्यायचे, कडेला दोन बोटे कागद सोडायचा, मग घडी उलगडून त्याचे नळकांडे करायचे आणि वरून हलकेच दाबले की कापांच्या पट्ट्या करंजीसारख्या फुगून बाहेर येतात. मधल्या गटाने खालच्या झिरमिळ्या कातरायच्या. धाकट्यांनी आतल्या नळकांड्यावर फाडलेले पतंगी कागदाचे कपटे चिकटवायचे. ओल्या खळीने पतंगी कागदाचा रंग सुटतो, त्यामुळे अकरा वाजेपर्यंत सगळ्यांचे तळवे गुलाबी, हिरवे झालेले असत, आणि मंडळाच्या पांढऱ्या भिंतीवर कमरेच्या उंचीला त्या तळव्यांची एक नक्षी उमटलेली असे. तिच्यावर चुना फिरवायचा नाही, असे अध्यक्षांनीच एका वर्षी ठरवून टाकले.

पणत्यांचे काम कोपऱ्यात चाले. नवी पणती कोरडीच वापरली तर तेल पिते, म्हणून त्या आदल्या दिवशी बादलीत बुडवून ठेवायच्या आणि रात्रभर उलट्या वाळत घालायच्या. दुसऱ्या दिवशी मुलांनी गेरूत आणि पांढऱ्या रंगात बोट बुडवून बाहेरून ठिपके द्यावेत, आत रंग लावू नये, अशी अपेक्षा होती आणि ती एकाही वर्षी पूर्ण झाली नाही. अंगणातल्या किल्ल्याचेही तसेच. मोठी मुले दगडमाती रचायची आणि चिमुकल्यांकडे अळीव पेरण्याचे खाते असायचे. दोन-तीन दिवसांत किल्ल्यावर हिरवळ येई, पण ती मूठ जिथे उघडली तिथेच दाट उगवे. त्यामुळे आमच्या किल्ल्याच्या तटबंदीला टक्कल आणि बुरुजावर घनदाट अरण्य असे.

या मेळाव्यातली खरी अडचण मुलांची नव्हतीच. खळ सांडायची, कातरीने कोणाच्या फ्रॉकची झालर जायची, हे सगळे निस्तरता येत असे. आवरत नसत ते मोठ्यांचे हात. मूल पट्टी वाकडी लावते आहे हे दिसले की मागे बसलेल्या आईचे बोट आपोआप पुढे येते, ती पट्टी सरळ करते, मग दुसरी स्वतःच लावते, आणि पाच मिनिटांनी आई कंदील करीत असते व मूल तिच्या पर्सची चेन उघडझाक करीत असते. पालकांना भिंतीशी बसवून पाहिले, सूचनांचा फलक लावून पाहिला. काही उपयोग झाला नाही. अखेर मावशींनीच उपाय काढला. त्यांनी एका सकाळी कापसाचा गठ्ठा आणून आज्यांच्या आणि आयांच्या पुढ्यात ठेवला व म्हणाल्या, ‘बसल्या बसल्या दिवाळीपुरत्या वाती वळून द्या.’ हात कामाला लागले आणि मुले मोकळी झाली. बाबा मंडळींना शिडीवर चढवून माळा बांधायला लावले. तेव्हापासून प्रत्येक मेळाव्याला भिंतीलगत वाती वळणाऱ्यांची रांग बसू लागली, आणि मंडळाच्या देवघराला वर्षभर वाती विकत आणाव्या लागल्या नाहीत.

दुसऱ्यांच्या हातांवर पहारा ठेवणाऱ्या माझ्याही हाताने एकदा घात केला. एका साडेतीन वर्षांच्या मुलाने आपल्या वाट्याचे सगळे कपटे नळकांड्यावर एकाच जागी, एकावर एक असे चिकटवले होते. बाकीचा कागद कोरा. संध्याकाळी कंदील टांगायला घेतले तेव्हा मला ते बघवेना. मी वरचे ओलसर कपटे अलगद सोडवले, चारी बाजूंना सारखे लावले, काही अगदीच चोळामोळा झालेले टाकून दिले आणि नेटका झालेला तो कंदील रांगेत लावला. सोमवारी सकाळी तो मुलगा माळेखाली मान वर करून कितीतरी वेळ फिरत राहिला. मी त्याचा कंदील दाखवला. त्याने पाहिला आणि म्हणाला, ‘हा नाही. माझ्यात डोंगर होता.’ मी त्याला परत कागद दिले, खळ दिली. त्याने डोंगर पुन्हा केला नाही. थोडा वेळ बसला आणि घसरगुंडीकडे गेला. त्या वर्षापासून प्रत्येक कंदिलाच्या तळाशी पेन्सिलीने मुलाचे नाव लिहिण्यापलीकडे मी त्याला हात लावलेला नाही.

मुलांच्या कंदिलात दिवा आम्ही कधीच लावला नाही. ते सभागृहात दोरीवर टांगायचे आणि मागून विजेच्या दिव्यांची माळ सोडायची, हीच पद्धत. पूर्वी वर थर्माकोलच्या चांदण्या असत. २०१८ साली राज्यात प्लॅस्टिक आणि थर्माकोलवर बंदी आली तेव्हा त्या गेल्या, आणि खरे सांगायचे तर त्यांची आठवणही कोणाला झाली नाही. २०२० साली मेळावा झाला नाही. मुले घरात अडकलेली, म्हणून आम्ही घडी घातलेले कागद, कपटे आणि खळीची कृती असे लिफाफे घरोघरी पोचवले. पालकांनी मोबाइलवर फोटो पाठवले. तीसच्या तीस कंदील एकसारखे, काप दोरीत आखल्यासारखे सरळ! घरोघरी वाती वळायला कोणी बसवणारे नव्हते, हे फोटो पाहताच कळले.

मी निवृत्त झाले त्याला आता काही वर्षे झाली. गेल्या दिवाळीआधीच्या शनिवारी मी नातीला घेऊन त्याच सभागृहात गेले आणि नव्या ताईंनी मला रीतसर भिंतीलगतच्या रांगेत बसवून माझ्या पुढ्यात कापूस ठेवला. नात तीन वर्षांची आहे. तिने झिरमिळ्या खाली लावायच्या त्या नळकांड्याच्या आत लावायला घेतल्या, अगदी मन लावून, कोपरापर्यंत हात आत घालून. माझ्या हातातली वात अर्धी वळून राहिली आणि मी केव्हा पुढे सरकले ते माझे मलाच कळले नाही. ताईंनी पाठ वळवलेली होती, तरी त्यांना दिसले असावे.

‘आजी,’ त्या मागे न बघताच म्हणाल्या, ‘वाती.’